पराचा कावळा केव्हा करावा?
(पाळीव बजरीगरांची लांबलेली पीसझड : एक अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला

क्षुल्लक गोष्टीचा बाऊ करणाऱ्या माणसाला आपण 'उगाच पराचा कावळा करू नकोस' असे सांगतो. पिंजऱ्यात पक्षी पाळणाऱ्या घरांतून हिंडले म्हणजे या वाक्प्रचाराची दोन्ही टोके पाहावयास मिळतात. एका घरी पिंजऱ्याच्या तळाशी चार पिसे दिसली की लगेच धावपळ सुरू होते. कुणी पाण्यात पिवळी पावडर टाकतो, कुणी पक्ष्याच्या अंगाला खोबरेल तेल चोळतो. दुसऱ्या घरी पक्षी महिनोन् महिने उघडाबोडका, अंग फुगवून बसलेला असतो आणि विचारले तर उत्तर मिळते, "पिसं टाकतोय, टाकू दे." पहिल्या घरी नसलेल्या रोगावर औषध होते, दुसऱ्या घरी असलेल्या रोगावर होत नाही. त्रास दोन्हीकडे पक्ष्यालाच होतो.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आमच्या ओळीतल्या मंडळींचा असा समज आहे की हिला सगळे ठाऊक असणार. वीजबिल वाचायचे असो, बँकेचा फॉर्म भरायचा असो, की कुणाच्या लव्हबर्डची पिसे का गळतात हे सांगायचे असो, बोलावणे मलाच येते. पहिल्या दोन गोष्टी जमतात. तिसरीचे उत्तर देण्यासाठी वाचावे लागले, विचारावे लागले आणि शेजारच्या पिंजऱ्यांसमोर बसून पाहावे लागले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडले आहे.

१. हा पक्षी कोण?

अकलूज, पंढरपूर किंवा सोलापूरच्या बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जी हिरवी, पिवळी, निळी लहान पाखरे विकली जातात, ती बहुतेक वेळा खरी लव्हबर्ड नसतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला; आखूड शेपटीचा आणि अंगाने जाडसर. आपल्याकडे घरोघरी दिसतो तो लांब शेपटीचा बजरीगर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला एक छोटा पोपट. १८०५ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले व १८४० मध्ये जॉन गुल्ड याने जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. तेथून हा पक्षी जगभरच्या पिंजऱ्यांत पोचला. मूळ रंग हिरवा. निळे, पिवळे व पांढरे हे सारे माणसाने पैदाशीतून टिकवलेले रंग होत.

आपला देशी पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली गुन्हा आहे. बजरीगर परदेशी असल्यामुळे तो पाळता येतो. त्यामुळे आज मध्यमवर्गीय आणि कामगार वस्तीत पक्षी पाळायचा म्हटले की बहुधा हाच येतो. त्याचे वजन तीस ते चाळीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांहून जास्त नाही. हे वजन वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम आहे.

२. पीस का झडते?

पीस हा आपल्या नखासारखाच निर्जीव पदार्थ आहे. दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे. पीस एकदा पूर्ण वाढले की त्याला रक्त मिळत नाही. ते झिजते, त्याच्या कडा फाटतात. पण कातडीवरच्या जखमेप्रमाणे ते भरून येत नाही. म्हणून जुने टाकून नवे घेणे एवढा एकच मार्ग पक्ष्याला असतो. साप कात टाकतो, तसा पक्षी पिसे टाकतो. सोयीसाठी या क्रियेला आपण 'पीसझड' म्हणू.

ही गोष्ट खेड्यातल्या माणसाला नवी नाही. मोराचा पिसारा पावसाळा सरता सरता गळून पडतो आणि मुले रानातून मोरपिसे गोळा करून आणतात. त्या मोराला कुणी आजारी म्हणत नाही. घरची कोंबडीही वर्षातून एकदा पिसे टाकते, काही दिवस ओंगळ दिसते आणि त्या काळात अंडी देणे थांबवते. "कोंबडी पिसावर आली" म्हणून आजी तिला जरा जास्त दाणे टाकते. आजीचे हे वागणे पूर्णपणे शास्त्राला धरून आहे, कारण पीस तयार करायला प्रथिने लागतात. पक्ष्याच्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे पाव हिस्सा एकट्या पिसांत असतो. म्हणजे पीसझड हा पक्ष्याच्या दृष्टीने घर दुरुस्तीला काढण्यासारखा खर्चिक व्यवहार आहे. त्या काळात तो कमी बोलतो, जास्त झोपतो, थोडा चिडचिडा होतो. एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

निसर्गाने या व्यवहारात एक शिस्त ठेवली आहे. बजरीगराच्या प्रत्येक पंखाला उड्डाणाची दहा मुख्य पिसे असतात. ती सर्व एकदम पडत नाहीत. साधारणपणे मधल्या पिसापासून सुरुवात होते आणि क्रम दोन्ही बाजूंना सरकतो. डाव्या पंखातले जे पीस पडते, त्याच्याच जोडीचे उजव्या पंखातलेही थोड्या अंतराने पडते. त्यामुळे तोल जात नाही आणि पक्षी उडत राहतो. अंगावरची बारीक पिसेही अशीच थोडी थोडी बदलतात. कातडी उघडी पडत नाही. डोक्यावर व मानेवर मात्र पांढरट काटे उभे राहिल्यासारखे दिसतात. ते काटे म्हणजे नव्या पिसांचे कोंब. प्रत्येक कोंब एका पातळ आवरणात गुंडाळलेला असतो. आवरण सुकून भुशासारखे गळते व आतले पीस उलगडते.

३. किती दिवस चालावे?

पिल्लाची पहिली पीसझड तीन ते चार महिन्यांच्या वयात होते. तोवर त्याच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात. या झडीनंतर त्या मागे हटतात व कपाळ स्वच्छ पिवळे किंवा पांढरे होते. पुष्कळ घरांत पक्षी नुकताच आणलेला असतो आणि त्याच सुमारास ही झड येते, म्हणून "दुकानदाराने आजारी पाखरू दिले" असा ग्रह होतो. बहुधा तो खरा नसतो.

मोठ्या पक्ष्यात जोराची झड साधारण तीन ते सहा आठवडे चालते. पण येथे एक पेच आहे, आणि लांबलेल्या पीसझडीचा सारा प्रश्न त्यात आहे. बजरीगर मुळात भटक्या. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशात पाऊस कोठे व केव्हा पडेल याचा नेम नसतो. पाऊस पडेल तिकडे थव्याने उडत जायचे आणि गवताचे बी पिकले की लगेच पिल्ले काढायची, असे त्याचे जीवन. अशा पक्ष्याला 'आता महिनाभर पिसे बदलतो' म्हणून बसून राहणे परवडत नाही. म्हणून रानातल्या बजरीगराच्या पंखांतील पिसांची बदल अतिशय सावकाश, कित्येक महिने चालू राहते. तोच स्वभाव पिंजऱ्यातल्या वंशजाकडेही आलेला आहे. तेव्हा वर्षभर अधूनमधून पिंजऱ्यात एखादे-दुसरे पीस दिसणे हा रोग नव्हे.

मग चिंता कशाची करायची? माझ्या मते प्रश्न पडलेल्या पिसांचा नाही. त्यांच्या जागी काय आले याचा आहे. पीस पडले, पंधरा दिवसांत तेथे कोंब दिसला, महिन्या-सव्वा महिन्यात नवे पीस तयार झाले, आणि या काळात पक्षी खातो आहे, उडतो आहे, तर झड चार महिने चालली तरी हिशोब जुळतो आहे. उलट, पंधराच दिवसांत पिसे पडून कातडी उघडी दिसू लागली आणि कोंबांचा पत्ता नाही, तर पंधरा दिवसही जास्त झाले. झडीला जमा आणि खर्च अशा दोन बाजू आहेत. आपण फक्त खर्चाची बाजू मोजतो, कारण ती तळाशी पडलेली दिसते.

४. झड का लांबते?

(अ) रात्र न मिळणे. पक्ष्याच्या शरीराला ऋतू कळतो तो मुख्यतः उजेडावरून. दिवसाची लांबी बदलली की मेंदूतील आणि अवटु म्हणजे थायरॉईड ग्रंथीतील रसांचे प्रमाण बदलते व पीसझडीला हुकूम सुटतो. सोलापूरच्या बाजूला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणजे निसर्गात फरक दोनच तासांचा; पण घरातल्या ट्यूबलाइटमुळे पक्ष्याचा दिवस सतरा-अठरा तासांचा होतो, तोही एक दिवस एवढा आणि दुसऱ्या दिवशी तेवढा. कुक्कुटपालन करणारे शेडमध्ये दिवे लावून कोंबड्यांचा दिवस मुद्दाम लांबवतात, म्हणजे त्या अंडी देत राहतात. उजेडाचे हे बळ त्यांना पक्के ठाऊक आहे. पिंजरा टीव्हीच्या डोक्यावर टांगणाऱ्या आपल्याला मात्र ते ठाऊक नसते.

(आ) नुसत्या धान्यावर ठेवणे. बाजारातले खाद्य म्हणजे राळा, बाजरी आणि तत्सम बारीक धान्य. पोट त्याने भरते. पण पिसाच्या केराटिनला गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर लागतात व एकूण वाढीला लायसिन लागते; बारीक धान्यात लायसिन कमी. 'अ' जीवनसत्त्व व आयोडीनही त्यात पुरेसे नसते. 'अ' जीवनसत्त्वाअभावी कातडी कोरडी पडते. आयोडीनच्या अभावाने अवटु ग्रंथी सुजते, आणि पिसांवर जिचा ताबा तीच ग्रंथी बिघडल्यावर नवी पिसे वेळेवर कशी येणार? केवळ धान्यावर वाढलेल्या बजरीगरांत हा विकार जगभर आढळलेला आहे.

(इ) ऊन, धूर व धास्ती. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. पत्र्याखाली टांगलेला पिंजरा, दिवसा भट्टी आणि रात्री कूलरचा थेट झोत, समोर टक लावून बसलेले मांजर, चुलीचा किंवा उदबत्तीचा धूर यांपैकी काहीही रोज चालू असेल तर पक्ष्याची शक्ती तगून राहण्यातच खर्च होते. पिसांसाठी उरत नाही.

(ई) झड नसून उपटणे. कधी कधी पिसे पडत नसतात, उपटली जात असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. म्हणून छाती-पोट उघडे आणि डोके मात्र शाबूत असेल, तर तो स्वतःच उपटतो आहे, असा संशय घ्यावा. उलट डोके व मान उघडी पडली असेल आणि पिंजऱ्यात दुसरा पक्षी असेल, तर जोडीदाराकडे पाहावे. कोंदट जागा, एकटेपणा, नुसते बसून राहणे यांनीही हे व्यसन जडते.

(उ) कीड आणि रोग. चोचीच्या कडेला, डोळ्यांभोवती किंवा पायांवर मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची पांढरट खपली दिसली, तर ती कोळ्याच्या जातीतील अतिसूक्ष्म किडीची असते. डॉक्टरांच्या औषधाने ती बरी होते. विषाणूंचे रोग मात्र अवघड. त्यांत पिल्लांची पंखांची व शेपटीची लांब पिसे फुटल्याबरोबर गळतात आणि ती उडू न शकता जमिनीवर धावत राहतात. अशा पक्ष्यांना इतरांपासून वेगळे ठेवावेच लागते. याखेरीज यकृताचे विकार असतात. शिवाय नव्या जस्त-मुलाम्याच्या जाळीची तार कुरतडून होणारी विषबाधाही असते.

५. आमच्या ओळीतील एक उदाहरण

साखर कारखान्याच्या गावात हंगाम सुरू झाला की घड्याळ बदलते. तीन पाळ्या चालतात. आमच्या ओळीतील एका घरी वडील दुसऱ्या पाळीला आणि थोरला मुलगा पहिल्या पाळीला. वडील मध्यरात्रीनंतर घरी येत, मग दिवा लागे, जेवण होई. मुलगा पहाटे चारला उठे, पुन्हा दिवा लागे. खोल्या दोन. पिंजरा पुढच्या खोलीत, दिव्याच्या हातभर अंतरावर. त्यातला हिरवा नर दिवाळीच्या सुमारास पिसे टाकू लागला तो संक्रांत उलटली तरी थांबेना. धाकटी मुलगी रोज पिसे वेचून वहीत ठेवी. ती वही पाहण्यासारखी होती. अलीकडच्या बऱ्याच पिसांवर आडवी, फिकट, बारीक रेघ होती. पीस वाढत असताना पक्ष्याची उपासमार किंवा आबाळ झाली तर त्या दिवसांची अशी रेघ पिसावर उमटते व पीस तेथेच मोडते. पक्ष्याने आपली तक्रार लिहूनच ठेवली होती म्हणायची.

त्या घरी पाळ्या बदलणे कुणाच्याच हातात नव्हते. बदलला तो पिंजरा. संध्याकाळी सातला तो आतल्या खोलीत जाऊ लागला, त्यावर जुने सुती लुगडे तीन बाजूंनी, हवा खेळेल असे टाकले जाऊ लागले. धान्याच्या जोडीला रोज मेथी किंवा शेवग्याचा पाला, किसलेले गाजर आणि आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा सुरू झाला. पहिले चार दिवस पक्ष्याने पाल्याला तोंड लावले नाही. सहा-सात आठवड्यांनी मानेवरचे कोंब उलगडले, पोट भरून आले आणि तळाची पिसे कमी झाली. उजेड, आहार व जागा असे तिन्ही बदल एकदम केल्यामुळे गुण नेमका कशाचा हे वेगळे काढता येणार नाही. पण पाण्यात एकही औषध न टाकता हे झाले, एवढे खरे.

सर्वच घरी शेवट असा गोड झालेला नाही. दुसऱ्या एका परिचितांचा पक्षीही 'पिसं टाकतोय' असेच सर्वजण म्हणत होते. तो अंग फुगवून बसे, श्वास घेताना बारीक चिक्‌चिक् आवाज करी आणि खाल्लेले दाणे ओकून टाकी. ही तिन्ही लक्षणे पीसझडीची नव्हेत. पिसे पडत होती म्हणून त्यांच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. आठवड्याभरात तो पक्षी गेला. पिसांच्या आड मोठा आजार लपतो, आणि आजार लपवण्याची सवय तर पक्ष्यांना उपजतच असते. कारण रानात आजारी दिसणारे पाखरू ससाणा आधी उचलतो. म्हणून पक्षी आजारी दिसू लागतो तेव्हा तो बऱ्याच आधीपासून आजारी असतो.

६. काळजी केव्हा करावी?

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर 'पिसं टाकतोय' म्हणून स्वस्थ बसू नये.

(१) उघडी कातडी दिसत आहे आणि दोन-तीन आठवड्यांत तेथे कोंब नाहीत.
(२) पक्ष्याला उडता येईनासे झाले आहे, किंवा पिसे एकाच पंखाची गेली आहेत.
(३) नवी पिसे वेडीवाकडी, चिमटलेली येतात, किंवा पडलेल्या पिसाच्या बुडाशी वाळलेले रक्त आहे. स्वाभाविकपणे पडलेल्या पिसाचे बूड स्वच्छ व निमुळते असते.
(४) जोराची झड दोन-अडीच महिन्यांनंतरही ओसरत नाही.
(५) चोच, डोळे वा पाय यांवर खपल्या आहेत.
(६) वजन घटले आहे. छातीच्या मधले हाड बोटाला सुरीच्या धारेसारखे लागते.
(७) विष्ठा पाण्यासारखी आहे, किंवा शेपटीखालची पिसे माखलेली आहेत.
(८) दिवसाही दोन्ही पायांवर, अंग फुगवून, डोळे मिटून बसतो, श्वासाबरोबर शेपटी खालीवर होते, ओकतो, तळाशी उतरून बसतो.

पहिल्या सहा गोष्टींत दोन-चार दिवसांत डॉक्टर गाठावा. शेवटच्या दोहोंत त्याच दिवशी. विशेषतः तळाशी बसलेल्या पक्ष्याला 'उद्या बघू' म्हणू नये.

रक्तस्राव ही आणखी एक तातडीची बाब. वाढत्या कोंबात रक्त असते. पक्षी रात्री घाबरून फडफडला आणि असा कोंब मोडला, तर रक्त वाहू लागते. तीस-पस्तीस ग्रॅमच्या देहात एकूण रक्त सुमारे तीन मिलिलिटर, म्हणजे लहान चमच्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. आपल्याला दहा-बारा थेंब म्हणजे काहीच नाही. त्याला तो मोठा घाव आहे. स्वच्छ कापडाने किंवा कापसाने त्या जागी अलगद दाबून धरावे, कोंबावर कणीक किंवा मक्याचे पीठ लावावे आणि रक्त थांबले नाही तर विलंब न लावता डॉक्टरकडे न्यावे.

७. काय करावे, काय करू नये

संध्याकाळपासून दहा ते बारा तासांचा अंधार व शांतता द्यावी. पालेभाजी चांगली धुऊन द्यावी, कारण बाजारच्या भाजीवर फवारणी असते. मोड आलेले मूग चालतात. अंडे दोन तासांपेक्षा जास्त पिंजऱ्यात राहू देऊ नये, आपल्या हवेत ते लवकर नासते. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवावा. त्यातून चुना मिळतो. सकाळच्या कोवळ्या उन्हाच्या वेळी बशीत पाणी ठेवावे. आंघोळीने कोंबांवरचे आवरण मऊ होते व खाज कमी होते. ते कोंब आपण नखाने सोलू नयेत.

वजन हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. घरात बारीक काटा नसेल, तर ओळखीच्या सराफाला विनंती करावी. पक्ष्याला लहान खोक्यात घालून वजन करावे, रिकाम्या खोक्याचे वजा करावे आणि तारखेसह कॅलेंडरवर लिहावे. पस्तीस ग्रॅमचा पक्षी साडेएकतीसवर आला, तर दहावा हिस्सा गेला. पन्नास किलोच्या माणसाने थोड्या दिवसांत पाच किलो गमावावेत, तसे ते आहे.

आता वर्ज्य गोष्टी. तेल, तूप, हळदीचा लेप अंगाला लावू नये. पिसे चिकटली की ऊब धरून ठेवण्याची त्यांची शक्ती जाते. रॉकेल, डिझेल किंवा जनावरांच्या गोचिडांवरचे औषध तर मुळीच नको. पाचशे किलोच्या म्हशीसाठी बनवलेल्या औषधाचा एक थेंबही या जिवाला पुरेसा आहे. आयोडीन मिळावे म्हणून पाण्यात मीठ घालू नये. ते डॉक्टरच योग्य मात्रेत देतात. दुकानदाराने दिलेली रंगीत पावडर पाण्यात टाकू नये. ती बहुधा प्रतिजैविक असते. पीसझडीवर तिचा उपयोग नाही, शिवाय पाणी कडू लागल्याने पक्षी पाणी कमी पितो. पिंजरा झाडताना आधी पाणी शिंपडावे व नंतर हात धुवावेत. पिसांचा भुसा दम्याच्या माणसाला बाधतो आणि आजारी पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेतून क्वचित माणसालाही संसर्ग होतो.

८. पक्ष्याची किंमत आणि डॉक्टरची फी

येथवर वाचून कुणी म्हणेल, काहीशे रुपयांची जोडी आणि तिच्यासाठी एस.टी.चे भाडे, डॉक्टरची फी आणि एक दिवसाचा रोजगार बुडवायचा? हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. जेथे घरच्या माणसाचा तापही अंगावर काढला जातो, तेथे तो विचारला जाणारच. गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्य काम गाई-म्हशींचे. तरी तेथील डॉक्टर खपली, कीड, सूज, वजन हे पाहू शकतात व पुढे कोठे जावे हे सांगू शकतात. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करीत आले आहे. तेथपर्यंत सर्वांना जाता येणार नाही. म्हणूनच जे फुकट आहे ते आधी करावे. अंधार फुकट आहे. मेथीची चार पाने घरच्या भाजीतून निघतात. पिंजरा उन्हातून सावलीत हलवायला पैसे पडत नाहीत. लांबलेल्या पीसझडीची बरीच प्रकरणे येथेच मिटतात, आणि मग खरोखर गरज असलेल्या एखाद्या वेळी खर्च करणे तितके जड जात नाही.

किमतीचा हिशोब करताना आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. रानातल्या पाखराला ऊन लागले तर ते सावलीला जाते, चारा नसेल तर मैलोन् मैल उडते, अंधार पडला की झाडात शिरते. पिंजऱ्यातल्या पाखराच्या या तिन्ही वाटा आपण दार लावून बंद केल्या आहेत. ते काम मग आपल्याकडेच येते.

समारोप

आपल्या सोलापुरात १९३२ साली जन्मलेले आणि २०२५ मध्ये सोलापुरातच निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करता करता आदिवासी, फासेपारधी, कोळी अशा लोकांकडून पक्ष्यांविषयीचे शब्द व ज्ञान गोळा केले आणि मराठीला 'पक्षीकोश' दिला. त्यांच्यासारखे रान पाहणे आपल्यापैकी थोड्यांच्याच नशिबी असेल. पण व्हरांड्यात टांगलेला पिंजरा रोज पाच मिनिटे नीट पाहणे प्रत्येकाला शक्य आहे. आज किती पिसे पडली, कोंब कोठे दिसतात, वजन किती, दिवा किती वाजता मालवला, एवढे वहीत लिहिले तरी पुरे.

पराचा कावळा करू नये हे म्हणणे खरेच आहे. मात्र पडलेल्या पराच्या जागी नवा पर येत नसेल, तर तेवढ्या वेळेपुरता तो खुशाल करावा आणि डॉक्टरचा दरवाजा ठोठवावा.